आगीचे देणे कोणी द्यावे?

वडोदरा हे शहर मराठी माणसाला कधीच परके वाटले नाही. गायकवाडांच्या राजवटीपासून तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली. पुढे १९६५ साली शहराजवळच्या कोयली गावी तेलशुद्धीचा मोठा कारखाना सुरू झाला. १९६९ साली पेट्रोरसायनांचे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि भोवताली लहानमोठ्या कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. खेड्यापाड्यांतील तरुण पोटापाण्यासाठी तिकडे गेले आणि त्यांच्या कमाईवर अनेक घरांच्या चुली पेटल्या. परंतु जेथे तेल, वायू आणि वाफ यांच्याशी रोजचा व्यवहार असतो, तेथे अग्नीचे भयही रोजचेच असते.

२४ डिसेंबर २०२१ रोजी, आपल्या घराघरांतून नाताळचे गोठे सजत असताना, वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बॉयलर फुटला. चार माणसे दगावली. त्यांत एक लहान बालिकाही होती. पुढे ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या कारखान्यात बेंझिनच्या टाकीचा स्फोट झाला व दोन कामगार प्राणास मुकले. अशा वार्ता दोन दिवस वर्तमानपत्रांत राहतात आणि मग विसरल्या जातात. ज्या घरात जळालेला माणूस खाटेवर पडून असतो, त्या घराची कथा मात्र तेथून पुढे सुरू होते.

त्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सांत्वन करतो. "नशिबात होते, देवाची इच्छा," असे म्हणून उठतो. दुःखात धीर देणे हे पुण्यकर्मच होय. परंतु देवाच्या इच्छेचे नाव पुढे करून माणसाचे देणे बुडवू नये, असे आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे. दुसऱ्याच्या धंद्यातून, यंत्रातून वा वाहनातून पेटलेल्या आगीने जो होरपळला, त्याची भरपाई करणे ही दया नव्हे. ते देणे आहे, आणि देणे मागण्यात लाज कसली?

हा विचार काही नवा नाही. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने शेतकऱ्यांना हेच बजावले आहे. एखाद्याने पेटविलेली आग काटेरी कुंपणाला लागून शेजाऱ्याची सुडी किंवा उभे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने ते नुकसान भरून द्यावे. वारा सुटला होता, माझा हेतू वाईट नव्हता, ही सबब तेथे चालत नसे.

आपल्या देशाच्या कायद्यात हे तत्त्व अधिक स्पष्टपणे मांडले गेले ते २० डिसेंबर १९८६ रोजी. दिल्लीतील एका कारखान्यातून १९८५ साली ओलियम वायू सुटला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांनी निर्णय दिला. हे गृहस्थ पूर्वी गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. जो धोक्याचा धंदा करून नफा मिळवितो, त्या धंद्यामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली तर त्याने भरपाई दिलीच पाहिजे. आपण सर्व काळजी घेतली होती असे सांगून त्याची सुटका होणार नाही, असे त्यांनी ठरविले. धंदा जितका मोठा व सामर्थ्यवान, तितकी भरपाईही मोठी, असेही त्यांनी म्हटले.

याच सुमारास आपल्या सातारा जिल्ह्यात जे घडले, ते प्रत्येक गावकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर व मालमोटार यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला आणि पेट्रोल गळून साचू लागले. चार तास तसेच गेले. उजाडल्यावर गावकरी भोवती जमले. आणि सव्वासातच्या सुमारास भडका उडाला. अनेक जण भाजले, कित्येक मरण पावले. मृतांच्या वारसांनी भरपाई मागितली तेव्हा प्रथम ती नाकारली गेली. टक्कर पहाटे झाली, स्फोट सकाळी. लोक पेट्रोल नेण्याच्या खटपटीत होते. तेव्हा हा वाहनाचा अपघातच नव्हे, असा तो युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, कलंडून पडलेला टँकर हाही वाहनच आहे, आणि ती आग त्या टकरीचाच परिणाम आहे. वारसांना कोणाचाही दोष सिद्ध न करता, त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, १५,००० रुपये तातडीची रक्कम मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला असा की, सांडलेल्या पेट्रोलजवळ, मग ते फुकट का मिळेना, कधीही जाऊ नये. आणि मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नये. दुसरा असा की, "तुमच्याच माणसाची चूक होती" हे शब्द ऐकून गरिबाने खाली मान घालून परत फिरू नये. चूक कोणाची, किती, आणि तिचा परिणाम काय, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. विमा कंपनीच्या कारकुनाचे नव्हे.

आता कोणत्या आगीसाठी कोणते दार ठोठवावे, हे थोडक्यात पाहू.

कामावर असताना कामगार भाजला, तर १९२३ च्या भरपाई कायद्याने त्याचे हक्क ठरविले होते. ते आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहेत, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणावयाचे, अशी मोजणी आहे. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. वेतन १५,००० रुपये धरले, तर ही रक्कम १५,५९,८५० रुपये होते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी शेकडा साठ टक्के वेतन धरतात. कामगार राज्य विमा योजनेत ज्याचे नाव आहे, त्याला ही भरपाई त्या योजनेतून निवृत्तिवेतनासारखी दरमहा मिळते.

या बाबतीत तीन गोष्टी आमच्या तरुणांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. माणूस कंत्राटदाराचा असला, तरी ज्याच्या आवारात त्याच्याकडून धंद्याचे काम करून घेतले त्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर कामगाराने सुरक्षेचा नियम मोडला होता ही सबब मालकाला वाचवीत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: मृत्यूची भरपाई मालकाने कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मुकादम पाकिटात रोख रक्कम घेऊन येतो, विधवेचा अंगठा कागदावर उठवून घेतो, आणि "आता काही मागणे उरले नाही" असे तीवर लिहिलेले असते. असा कागद हक्क संपवू शकत नाही. तथापि तो एकदा झाला की पुढे वर्षानुवर्षे भांडावे लागते. म्हणून दुःखाच्या त्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही करू नये. धीटपणे "विचारून सांगतो" असे म्हणावे.

कारखान्याबाहेरचा माणूस घातक पदार्थाच्या आगीत सापडला, तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. वाहनाच्या अपघातात भाजलेल्यांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये देण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अपघात वडोदऱ्याजवळ झाला, तरी अर्ज आपल्या राहत्या जिल्ह्यात देता येतो. मात्र त्याच दिवसापासून सहा महिन्यांची मुदतही कायद्यात आली आहे. त्या मुदतीविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. म्हणून मुदत उलटली तरी वकिलाला विचारल्यावाचून आशा सोडू नये, आणि मुदतीत असाल तर एक दिवसही दवडू नये.

घरातील गॅसचे सिलिंडर पेटून अनर्थ होतो, तेव्हा आपली विम्याची सोय आहे हे कित्येक घरांना ठाऊकच नसते. सरकारी तेल कंपन्या आपल्या ग्राहकांसाठी विमा उतरवितात. त्याचा हप्ता आपल्याकडून घेत नाहीत. या विम्यात मृत्यूसाठी माणशी ६ लाख रुपये, औषधोपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत, आणि नोंदलेल्या घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अपघाताची खबर गॅसच्या वितरकाला लगेच लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. गॅसजोडणी ज्याच्या नावे त्याचे पुस्तक, नळीची पावती, हे सारे जपून ठेवावे.

शेताच्या बांधावर तुटून पडलेली विजेची तार हे खेड्यातील मोठे संकट. मध्य प्रदेशात एक कामगार १९९७ सालच्या पावसाळ्यात सायकलवरून घरी परतत असता पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने गेला. कोणी तरी वीज चोरण्यासाठी तार ओढली होती, असे वीज मंडळाचे म्हणणे होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सबब अमान्य केली. वीज वाहून नेणाऱ्यानेच तिचा धोका आवरला पाहिजे, असे ठरविले. आणि जेथे आग अपघाताची नसून दुष्टाव्याची असते, जेथे एखाद्या मुलीवर आम्ल फेकले जाते, तेथे गुन्हेगार सापडो वा न सापडो, सरकारने किमान ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश त्याच न्यायालयाने २०१३ साली दिला. अशा जखमींवर रुग्णालयांनी विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे.

आता एका प्रश्नाकडे वळू. पगार आणणारा पुरुष भाजला तर त्याच्या पगाराचा हिशेब होतो. घरची माऊली भाजली तर तिची किंमत काय धरावयाची? ती तर काही मिळवीत नव्हती, असे म्हणणारे महाभाग आजही भेटतात. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूर येथे पोलाद कारखान्याच्या समारंभातील मांडवाला आग लागून ६० माणसे मृत्यू पावली. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. भरपाई ठरविण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांजकडे सोपविले. पुण्यात जन्मलेल्या या मराठी न्यायाधीशांनी गृहिणींच्या घरकामाचेही मोल आकारले. २००१ साली निकाल देताना न्यायालयाला तेही मोल अपुरे वाटले. ३४ ते ५९ वर्षांच्या गृहिणीच्या सेवेचे मोल, अगदी माफक धरले तरी, दरमहा ३,००० रुपये होते, असे ठरविण्यात आले. आकडा जुना झाला. नंतरच्या निकालांनी तो वाढविला. परंतु पाणी भरणे, स्वयंपाक, आजाऱ्याची सेवा, मुलांचा अभ्यास या कामांना मोल आहे, हे तत्त्व कायम झाले. तेव्हा गृहिणीसाठी दावा करताना कोणी संकोचू नये.

भाजण्याची इजा इतर जखमांहून वेगळी आहे, हेही सांगितले पाहिजे. मोडलेले हाड काही महिन्यांत सांधते. खोल भाजलेली कातडी मात्र भरून आल्यावरही आकसत जाते. मान खाली ओढली जाते, कोपर सरळ होत नाही, बोटे मुठीत वळतात. मग कातडीचे रोपण, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च. वाढत्या वयाच्या मुलाला तर हे वर्षानुवर्षे पुरते. म्हणून रुग्णालयातून घरी आणल्या आठवड्यात जी तडजोड पुढे केली जाते, ती बहुधा तोट्याची ठरते. पुढील उपचारांचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. दाखल्यावर अपंगत्व शेकडा तीस लिहिले असले, तरी कमाई तेवढीच बुडाली असे नव्हे. सुताराचा हात निकामी झाला तर त्याची जवळजवळ सारी रोजी जाते, कारकुनाची तितकी जात नाही. ही दृष्टी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्टपणे मांडली आहे. वेदना, विद्रूपता, लग्न जुळण्यातील अडचण, यांचाही विचार भरपाईत होतो.

यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे कागद. पोलिसांतील पहिली खबर, पंचनामा, रुग्णालयाचे दाखले, औषधांच्या लहानसहान पावत्या, तारीखवार काढलेली जखमांची छायाचित्रे, पगाराची चिठ्ठी किंवा हजेरीची नोंद, हे सर्व एका पिशवीत घालून ठेवावे. वकिलाला द्यावयाच्या फीची धास्ती घेऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अपंग यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

वाचकहो, पैशाने गेलेला जीव परत येत नाही, आणि जळालेला चेहरा पूर्वीसारखा होत नाही, हे आम्ही जाणतो. पण त्याच पैशातून मुलीचे शिक्षण चालू राहते, शस्त्रक्रिया होते, जमिनीचा तुकडा सावकाराच्या घशात जात नाही. ज्याच्या शेजारी असे संकट आले असेल, त्याने जेवणाचा डबा अवश्य न्यावा. पण सोबत घरातील शिकलेल्या मुलालाही न्यावे. त्याने त्या घरचे कागद तारखेप्रमाणे लावून द्यावेत, आणि मुदत टळण्यापूर्वी तालुक्याच्या गावी त्या कुटुंबाबरोबर जावे. आमच्या मते ही शेजारधर्माची फार मोठी सेवा होय.