माजी सैनिकांना पहारा मिळतो, बाजारपेठ मिळत नाही

विशेष प्रतिनिधी
मुंबई

शहरात निवृत्त जवान भेटतो तो बहुधा बँकेच्या दाराशी, हाती बंदूक घेऊन. माहीमही त्याला अपवाद नाही. पंधरा-सतरा वर्षे युद्धनौकेच्या इंजिन कक्षात, तोफखान्यात किंवा संदेशवहन विभागात काढलेल्या माणसाला नागरी जीवनात पहिले काम मिळते ते पहाऱ्याचे. त्याने स्वत:चा छोटा व्यवसाय उभारावा यासाठी योजना नाहीत असे नाही. परंतु या योजना भांडवलाची सोय करतात. गिऱ्हाईक कोठून यावे, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. अग्निपथ योजनेच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस आणि २०२७च्या आरंभी पूर्ण होत असल्याने हा प्रश्न आता केवळ कल्याणकारी खात्यापुरता राहिलेला नाही.

निवृत्ती चाळिशीची

सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात आणि त्यांतील बहुतेकांचे वय ३५ ते ४५च्या दरम्यान असते. मुलांचे शिक्षण आणि घराचे कर्ज ऐन भरात असताना नोकरी संपते. निवृत्तिवेतनाचा आधार असला, तरी मुंबईत त्यावर संसार चालवणे कठीणच.

या मंडळींच्या पुनर्वसनाची जबाबदारी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडे आहे. २००४मध्ये स्थापन झालेल्या माजी सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत ते येते. कोल इंडियाच्या उपकंपन्यांसाठी कोळशाची वाहतूक, दिल्ली परिसरातील मदर डेअरीची दूधकेंद्रे आणि सफलची भाजी दुकाने, तेल कंपन्यांचे पेट्रोल पंप, सार्वजनिक उपक्रमांना रक्षक पुरवणाऱ्या सुरक्षा एजन्सी असे या योजनांचे स्वरूप राहिले आहे. त्यांत एक समान धागा दिसतो. येथे ग्राहक आधीच ठरलेला असतो आणि म्हणूनच व्यवसाय तग धरण्याची शक्यता वाढते. मात्र कोळसा खाणींच्या पट्ट्यात आहे आणि दूधकेंद्रे दिल्लीत. पेट्रोल पंपाएवढी जागा माहीममध्ये शोधणे म्हणजे चेष्टाच. मुंबईकराच्या वाट्याला उरते ती पुन्हा सुरक्षा सेवा.

राज्याचे चित्रही वेगळे नाही. पुण्यातील सैनिक कल्याण विभाग आणि त्याची जिल्हा कार्यालये माजी सैनिकांची नोंद, ओळखपत्रे आणि साहाय्य पाहतात. मिठी नदी हीच मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांची सीमा असल्याने माहीमच्या माजी सैनिकाचे कार्यालय एक, तर पलीकडच्या वांद्र्यातील माजी सैनिकाचे दुसरे. २००२मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाची, म्हणजेच ‘मेस्को’ची, ओळखही मुख्यत: सुरक्षारक्षक पुरवणारी संस्था अशीच आहे.

खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा कायदा २००५ साली झाला. रक्षक नेमताना माजी सैनिकांना पसंती देण्याची मुभा या कायद्यातच नमूद आहे. नोकर म्हणून त्यांची पसंती कायद्यात उतरली. उद्योजक म्हणून तशी उतरली नाही.

सवलतीचे गणित

स्वत:चा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी २००८मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला. त्याची सूत्रे विलेपार्ल्यात मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे देण्यात आली. २०२५-२६पर्यंतच्या मुदतवाढीबरोबर २०२२मध्ये प्रकल्प खर्चाची मर्यादा उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये करण्यात आली. माजी सैनिकांचा समावेश विशेष प्रवर्गात करण्यात आला. राज्याचा २०१९मधील मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आखलेला आहे.

केंद्राच्या नियमांनुसार माहीममध्ये २० लाखांचा सेवा उद्योग उभारताना सर्वसाधारण अर्जदाराला १० टक्के, म्हणजे दोन लाख स्वत: घालावे लागतात आणि १५ टक्के, म्हणजे तीन लाख अनुदान मिळते. माजी सैनिकाने पाच टक्के, म्हणजे एक लाख घालायचे असतात आणि अनुदान २५ टक्के, म्हणजे पाच लाख मिळते. हा फरक नगण्य नाही. परंतु हाच उद्योग ग्रामीण भागात काढल्यास अनुदान सात लाखांवर जाते. जेथे गाळ्याचे भाडे कंबरडे मोडते, तेथेच मदत कमी, असा हा उफराटा हिशेब आहे.

शिवाय अनुदान हाती पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. ठेवीएवढ्या कर्जरकमेवर व्याज लागत नाही, हा दिलासा खरा. पण ती तीन वर्षे उद्योग टिकतो तो कामे मिळाली तरच.

मागणी दाराशीच

कामे नाहीत असेही नाही. राज्याच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, ज्यांना तो लागू होतो अशा इमारतींनी आपली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावयाचे असते. पुनर्विकासातून उंच होत चाललेल्या माहीम-दादरमध्ये ही मागणी वाढतीच राहणार. पंप, जनित्र, वातानुकूलन, वायरिंग यांच्या देखभालीचेही तसेच. नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय याच शहरात आहे आणि जहाजावरील आग विझवणे व यंत्रे चालती ठेवणे हे नौसैनिकाचे रोजचे शिक्षण. ते नागरी परवान्यांच्या पात्रतेत कसे मोजायचे याचे सुटसुटीत सूत्र मात्र हवे.

सैनिकाच्या हाताला कौशल्य देण्याचा विचार मुंबईला नवा नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७मध्ये याच शहरात क्वीन मेरीज टेक्निकल संस्था सुरू झाली. पुढे ती खडकीला गेली. शंभर वर्षांनंतर अडचण कौशल्याची कमी आणि मागणीशी गाठ पडण्याची अधिक आहे.

अमेरिकेने या ठिकाणी खरेदीचा मार्ग निवडला. सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना संघ सरकारच्या कंत्राटांत तीन टक्के वाटा देण्याचे उद्दिष्ट १९९९च्या कायद्याने ठरले. डिसेंबर २०२३मधील कायद्याने ते पाच टक्के झाले. पुढे केलेल्या नामधारी मालकांचा गैरप्रकार तेथेही घडला. म्हणून २०२३पासून प्रमाणीकरण लघुउद्योग प्रशासनाकडे आले. भारतात २०१२च्या धोरणानुसार केंद्रीय खाती आणि उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार आणि महिलांसाठी तीन टक्के उपउद्दिष्ट आहे. माजी सैनिकांसाठी ते नाही.

अग्निवीरांचे काय?

अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर सेवेत कायम होतात. उरलेले ऐन विशी-पंचविशीत, सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन बाहेर पडतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे ज्या विशेष प्रवर्गाचा हिशेब वर मांडला, त्याचे दार केवळ सैन्यातील सेवेच्या बळावर त्यांना उघडत नाही. निमलष्करी दलांतील आरक्षण काहींना सामावून घेईल. बाकीच्यांच्या हाती एकरकमी पुंजी आणि अनुभव थोडका. मुंबईत अशी पुंजी अनामत आणि भाड्यात संपायला वेळ लागत नाही.

त्यामुळे आणखी एक कर्जयोजना जाहीर करून भागणार नाही. केंद्राच्या खरेदी धोरणात माजी सैनिकांचे छोटे उपउद्दिष्ट, महापालिका आणि शासकीय इमारतींच्या देखभालीच्या कामांत तशीच तरतूद, लष्करी प्रशिक्षणाला परवान्यांसाठी मान्यता आणि उद्योगयोजनांपुरती अग्निवीरांची विशेष प्रवर्गात गणना, या चार गोष्टींना तिजोरीतून फारसे पैसे लागत नाहीत. सेवापुस्तिका आणि जिल्हा सैनिक कार्यालयाची नोंद हाताशी असल्याने खरा लाभार्थी ओळखणेही अवघड नाही. सरकार आजही माजी सैनिकाला रक्षक म्हणून कामावर घेते. त्याच्याकडून सेवा विकत घेण्याची तयारी ते दाखवते का, यावर अग्निवीरांच्या पुंजीचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.