जिद्दीचं कौतुक पुरे

अंध खेळाडूनं पदक आणलं की मथळा ठरलेला: ‘जिद्दीच्या बळावर अंधत्वावर मात’. कसली मात? पदक गळ्यात पडल्यावरही डोळ्यांना दिसत नाहीच. बदललेला असतो तो खेळ, आणि त्याबद्दल बातमीत चकार शब्द नसतो.

अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळतो. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजानं ‘येस’ म्हटलं की ‘प्ले’ म्हणत चेंडू खालून टाकतो. संघात किमान चौघे बी-१, म्हणजे पूर्ण अंध गटातले लागतात आणि त्यांच्या धावा दुप्पट मोजतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत भारताच्या मुलींनी अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. जिद्द त्यांच्यात होतीच. पण मुक्या चेंडूपुढे तिचं काय चाललं असतं?

यावर लगेच कुणीतरी म्हणणार, ‘म्हणजे सूटच की! परीक्षेत, नोकरीत अशी सूट दिली तर गुणवत्तेचं काय?’ आक्षेप अगदीच पोकळ नाही. दुप्पट धावा ही सरळसरळ भरपाई आहे; अंधुक दिसणारे आणि मुळीच न दिसणारे एकाच संघात खेळतात, म्हणून ती ठेवलेली.

पण मग बुद्धिबळाचं काय करायचं? तिथे अंध खेळाडू डोळसांच्या स्पर्धेत, त्यांच्याच समोर बसतो. बडोद्याचा दर्पण इनानी असाच खेळत आला आहे. त्याच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि मोहऱ्यांना खाली खुंटी; काळे मोहरे बोटांना ओळखू यावेत म्हणून त्यांच्या डोक्यावर टाचणीसारखं टोक. प्रत्येक खेळी मोठ्यानं सांगायची. आणि ‘हात लावला तो मोहरा खेळायचा’ हा नियम? बोटांनीच पट वाचणाऱ्याला तो लावला तर पहिल्याच मिनिटात डाव संपेल. म्हणून मोहरा भोकातून उचलला, की मगच तो ‘लावला’ असं धरतात. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्याच नियमांत हे लिहिलेलं आहे. त्यासाठी हत्ती तिरका चालत नाही, की कुणाला एक प्यादं जास्त मिळत नाही. गुणवत्तेला धक्का लागला तो नेमका कुठे, हे आक्षेप घेणाऱ्यानंच दाखवावं.

परीक्षेतला लेखनिक आणि तासाला वाढीव वीस मिनिटं ही त्याच जातीची. प्रश्नपत्रिका तीच असते, उत्तरंही ज्याची त्यालाच सुचावी लागतात. मध्य प्रदेशात अंधांना न्यायाधीशपदाची दारं बंद करणारा नियम होता. सर्वोच्च न्यायालयानं तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला. तोवर तो गुणवत्तेच्या नव्हे, सवयीच्या आधारावर उभा होता.

ही सवय चिवट आहे. मोबाइलवरून बँकेत खातं उघडायला निघालात, तर केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं सांगितलं जायचं. अंधांना हे कसं जमणार, हा प्रश्न ती पद्धत आखणाऱ्यांना पडला नाही. तोही सर्वोच्च न्यायालयालाच, एप्रिल २०२५ मध्ये सोडवावा लागला. तो प्रश्न सुटला नसता आणि विश्वचषक जिंकून आलेल्या मुलीनं बक्षिसाचा धनादेश भरायला खातं उघडायचं म्हटलं असतं, तर तिथे तिची कोणती जिद्द कामी आली असती?