बेस नको, शब्द हवा
भाची 'नीट'च्या तयारीला लातुरात आलीय. रोज चार-पाच तास मोबाईलवर लेक्चर. "मामू, हेडफोन घेऊन द्या," म्हणाली. गंजगोलाईत गेलो, तर दुकानदार प्रत्येक डब्याचं एकच कौतुक सांगे, "बेस जबरदस्त आहे!"

पण शिकणाऱ्याला बेस कशाला? शिकवणाऱ्याचा शब्द स्पष्ट यायला हवा. म्हणून दोन-अडीच हजारांत मी तीनच गोष्टी पाहिल्या: कान पूर्ण झाकणारी मऊ गादी, कमी वजन आणि बदलता येणारी वायर. गादी घट्ट बसली की बाहेरचा गोंगाट कमी होतो, आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास, मुलांसाठी 75 डेसिबल. त्यापुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो.

माझे अब्बा डाळमिलमध्ये कामाला होते. साठीत त्यांना अजान ऐकू येईना. घड्याळ पाहून नमाजला उठायचे. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता, गोंगाट टाळणं हातात नव्हतं. आपल्या मुलांच्या हातात मात्र आवाजाचं बटण आहे. हेडफोन घेऊन देताना तेवढं सांगायला विसरू नका. गेलेली श्रवणशक्ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.