दिवा पेटला म्हणून सेन्सर बदलायचा?

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. येथील राईस मिलमध्ये उसना तांदूळ तयार करताना बॉयलरखाली धानाचेच तूस जाळतात. बॉयलर सांभाळणारा अनुभवी कामगार अधूनमधून धुराड्याकडे नजर टाकतो. धूर काळा दिसला, की भट्टीला हवा कमी पडत आहे हे तो ओळखतो आणि हवेची वाट थोडी मोकळी करतो. आता कल्पना करा, की काळ्या धुराची वर्दी देणाऱ्या या कामगारालाच मालकाने काढून टाकले व त्याच्या जागी दुसरा नेमला. धूर थांबेल काय?

कोणीही ‘नाही’ असेच म्हणेल. परंतु मोटारसायकलच्या बाबतीत आपण पुष्कळदा हेच करतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली. तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बुरेटर नसतो. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याहून थोडी कमी. हे प्रमाण साधले की नाही, याची खबर देणारा प्राणवायू-संवेदक, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, धूर बाहेर पडण्याच्या मार्गावर बसवलेला असतो. हाच त्या भट्टीवरचा कामगार!

त्याचे काम मोठे मनोरंजक आहे. त्यात झिर्कोनिया नावाच्या पदार्थाचा तुकडा असतो. त्याच्या एका बाजूस इंजिनातून आलेला धूर, दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा. तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की प्राणवायूचे आयन त्यातून जाऊ लागतात आणि दोन बाजूंच्या प्राणवायूतील फरकानुसार विद्युतदाब निर्माण होतो. धुरात प्राणवायू जवळजवळ नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. यामागील समीकरण वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडले. त्यावर आधारलेला मोटारींसाठीचा सेन्सर बॉश कंपनीने १९७६ साली बाजारात आणला.

आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर असाच पिवळा दिवा पेटला. मेकॅनिकने यंत्र जोडून कोड वाचला. अर्थ होता : मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. ‘सेन्सर गेला,’ असे सांगून त्याने नवा बसवला. खर्च हजारांच्या घरात गेला. चार दिवसांनी दिवा पुन्हा पेटला! शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने इंजिन व सायलेन्सर यांच्या सांध्यावर साबणाचे पाणी टाकले, तर बुडबुडे आले. सांध्याचे पॅकिंग फुटले होते. धुराच्या दोन झोतांमध्ये दाब क्षणभर उतरतो. तेवढ्यात बाहेरची हवा फटीतून आत शिरत होती. सेन्सरला प्राणवायू दिसला, तसे त्याने सांगितले. संगणक मात्र त्यावर विसंबून उगाच जास्त पेट्रोल पाजत राहिला. जुना सेन्सर निर्दोष होता. दोष होता तो अगदी स्वस्तातल्या एका पॅकिंगमध्ये.

सेन्सर कधी बिघडतच नाही असे नाही. त्यावर काजळी धरते, आतील तापक तार तुटते, वायर सैल होते. तेव्हा तो बदलावाच लागतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ती एक साक्ष आहे. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर बदलत नाही.

मेकॅनिक बंधूंची अडचणही समजून घेतली पाहिजे. नव्या सुट्या भागाचे पैसे आपण निमूटपणे देतो. पण अर्धा तास तपासून ‘सेन्सर ठीक आहे’ असे सांगणाऱ्याला मजुरी देताना कुरकुर करतो. मग तपासण्याच्या भानगडीत पडतो कोण? माझे स्पष्ट मत असे, की तपासणीची मजुरी आपण आनंदाने द्यावी. ती शेवटी स्वस्तच पडते. दिव्याची वायर तोडून मोकळे होणे हा तर सर्वांत वाईट उपाय. त्याने दोष तसाच राहतो, पेट्रोल वाया जाते आणि न जळलेला विषारी वायू गावाच्या हवेत मिसळतो.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेत साहित्य कमी असले, तरी गावातले गॅरेज जवळच असते. एखाद्या शनिवारी नववी-दहावीच्या मुलांना तेथे न्यावे. कोड लिहून घ्यावा, तो कोणकोणत्या कारणांनी येऊ शकतो याची यादी करावी, स्वस्त व सोपी तपासणी आधी करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि कोड पुसून गाडी पुन्हा चालवून पाहावी. निरीक्षण, तर्क, पडताळा या पुस्तकातल्या पायऱ्या मग पाठ कराव्या लागणार नाहीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचा दिवा उद्या पेटला, तर ‘काय बदलायचे?’ असे विचारू नका. आधी विचारा, ‘हा असे का सांगतो आहे?’