अंड्याची टरफले आणि आपली चुनखडीची जमीन

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. घरच्या आणि गावच्या वस्तूंपासून खते करावीत, विकतची कमी करावीत, असा त्याचा रोख आहे. ही दिशा चांगलीच आहे. मात्र या लाटेत मोबाईलवरून नाना सल्ले गावात येऊन पोहोचतात. त्यातलाच एक म्हणजे, अंड्याची टरफले जमिनीत घाला, कॅल्शियम मिळेल, पीक जोमात येईल. चौसाळा हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. ढाबे आणि आमलेटच्या गाड्या यांमुळे इथे टरफलांना तोटा नाही. तेव्हा हा सल्ला आपल्या मातीला किती लागू पडतो, ते शेतकरी बंधूंनी पारखून घ्यावे.

टरफलात असते काय?

वाळलेल्या टरफलाचा साधारण ९५ टक्के भाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या भाषेत चुनखडी. नत्र, स्फुरद, पालाश नावापुरते. म्हणजे टरफल घालणे हे खत देणे नव्हे, जमिनीला चुनखडी देणे होय. कोकणातल्या जांभ्या मातीचे ठीक आहे. तिथे पाऊस धो-धो पडतो, चुना वाहून जातो आणि जमीन आम्लधर्मी होते. तिला चुना मानवतो. परदेशातल्या पावसाळी मुलखातही तसेच. टरफलाचा सल्ला अशा मातीतला आहे.

आपल्याकडची गोष्ट उलटी. मराठवाड्यातल्या बहुतेक काळ्या जमिनींचा सामू साडेसात ते साडेआठच्या घरात असतो आणि चुनखडी मुळातच भरपूर. हिशेब करून बघा. एक एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात सुमारे ९ लाख किलो माती असते. तीत चुनखडी ५ टक्के धरली तरी ती ४५ टन भरते. शंभर टरफलांचे वजन जेमतेम अर्धा किलो! शिवाय अशा जमिनीत टरफल सहजी विरघळत नाही, वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

आपल्या पिकांचे दुखणे कॅल्शियमच्या कमीचे नसून चुनखडीच्या जास्तीचे आहे. तिच्यामुळे लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. उसावर केवडा पडतो, भुईमूग आणि मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडतात. स्फुरदही अडकून बसतो. यावर शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत, आणि माती परीक्षणानुसार जस्त-लोह, हाच उपाय.

टोमॅटोचे काय?

टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा पडला की "कॅल्शियम कमी पडलं" म्हणतात. फळात ते कमी पडते हे खरे, पण जमिनीत असूनही फळापर्यंत पोहोचत नाही. कारण बहुधा पाण्याची ओढाताण. चार दिवस ताण, मग एकदम भरपूर पाणी, वर युरियाचा मारा. पाणी थोडे पण नियमित द्या, आच्छादन करा, युरिया आवरा. चोपण जमिनीलाही टरफलाचा उपयोग नाही. तिथे परीक्षण करून जिप्सम आणि पाण्याचा निचरा लागतो.

मग टरफलांचे करायचे काय?

सगळ्यात चांगला उपयोग परसातल्या कोंबड्यांना. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम लागते आणि एका टरफलात जवळपास २ ग्रॅम असते. टरफले धुऊन, तव्यावर चांगली भाजून बारीक कुटा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा, कोंबडी गरजेपुरते खाते. अख्खे टरफल टाकू नका, अंडी फोडून खायची सवय लागते. लहान पिलांना देऊ नका.

उरलेली टरफले चुरून खतखड्ड्यात किंवा नाडेपमध्ये टाकायला हरकत नाही. अख्खी टाकली तर खत तयार झाल्यावरही तुकडे तसेच निघतात. गांडूळखतात बारीक भुकटी चालते, गांडुळाच्या पोटात अन्न दळायला तिचा उपयोग होतो. वरून मातीचा थर द्यावा, नाहीतर कुत्री आणि उंदीर उकरतात. ग्रामपंचायतीने ढाब्यांकडून टरफले वेगळी घेतली तर कचऱ्यातली घाणही कमी होईल.

आधी पत्रिका वाचा

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासतात. त्यांत कॅल्शियम नाही, पण सामू आणि सेंद्रिय कर्ब आहेत. या दोन ओळी आधी वाचा. पत्रिका नसेल तर चिमूटभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर चुनखडी आहेच समजा. नाही फसफसली, तरी परीक्षण करून घ्याच.

नैसर्गिक शेतीत पैसा वाचतो, पण उपाय आपल्या मातीला धरून असावा. कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक यांनी येत्या ग्रामसभेत गावच्या पत्रिकांमधला सामू आणि कर्ब वाचून दाखवावा. कोणाच्या जमिनीला काय हवे, हे त्यावरूनच ठरेल.