रक्तदान शिबिराचा दिवस आणि उरलेले वर्ष

पावसाचा जोर ओसरला की विद्यापीठाच्या आवारात आणि गावोगावच्या महाविद्यालयांत कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. सूचना फलकावर कागद मावत नाहीत. २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापनादिन, १ ऑक्टोबरला राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन, लगेच दुसऱ्या दिवशी गांधी जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. याच सुमारास युवा महोत्सवाच्या तालमी आणि आंतरमहाविद्यालयीन सामने चालू असतात. पुढे सत्र परीक्षा, दिवाळीची सुटी आणि आपल्या शिवाजी विद्यापीठापुरते बोलायचे तर १८ नोव्हेंबरचा वर्धापनदिन. १९६२ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाने कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले. तेव्हा त्याच्या आवारात काय चालते, याचा संबंध आपल्या प्रत्येक घराशी येतो.

या साऱ्या कार्यक्रमांपैकी एकच कार्यक्रम आज विचारासाठी घेत आहे. तो म्हणजे रक्तदान शिबिर. कारण बाकीचे कार्यक्रम बरेवाईट झाले तरी कोणाचा जीव जात नाही. या कार्यक्रमाचे नियोजन चुकले तर जाऊ शकतो.

प्रथम एक गोष्ट कृतज्ञतापूर्वक नोंदवली पाहिजे. एके काळी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त विकणारे लोक रक्तपेढ्यांच्या दाराशी बसलेले असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा बंद झाला. ती पोकळी ज्यांनी भरून काढली त्यांत महाविद्यालयीन मुलामुलींचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली होती. आज तिच्या स्वयंसेवकांशिवाय जिल्ह्याच्या रक्तपेढीचे गाडे चालणे कठीण आहे. तेव्हा माझी तक्रार मुलांबद्दल मुळीच नाही. तक्रार आहे ती आपण मोठी माणसे हे काम ज्या रीतीने करवून घेतो त्या रीतीबद्दल.

रीत अशी की, वर्षातून एक दिवस ठरवायचा, मांडव घालायचा, प्रमुख पाहुणे बोलवायचे आणि जास्तीत जास्त पिशव्या गोळा करायच्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा छापून आला की काम संपले. पण रक्त म्हणजे पोत्यात भरून ठेवण्याचे धान्य नव्हे. ते दुधासारखे नाशवंत आहे. शीतपेटीत २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेले रक्त साधारण ३५ दिवस टिकते. त्यातील लाल पेशी वेगळ्या करून विशेष द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. प्लेटलेट्स, ज्यांच्यासाठी डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक धावाधाव करतात, त्या तर जेमतेम ५ दिवस टिकतात. आता साधा हिशेब करा. १ ऑक्टोबरला घेतलेल्या रक्तातील प्लेटलेट्स ६ तारखेपर्यंत संपल्या. साठवलेले रक्त ५ नोव्हेंबरपर्यंत, आणि लाल पेशी फार तर १२ नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर ज्याला गरज पडेल त्याला त्या शिबिराचा काही उपयोग नाही.

हिशेबाची दुसरी बाजू दात्याची. नियमाप्रमाणे पुरुषाने पुन्हा रक्त देण्यापूर्वी ९० दिवस आणि स्त्रीने १२० दिवस थांबायचे असते. म्हणजे एकाच दिवशी सगळ्या आवाराचे रक्त घेतले की, मुले डिसेंबरअखेरपर्यंत आणि मुली जानेवारीच्या अखेरपर्यंत यादीतून बाहेर. दिवाळीच्या सुटीत महामार्गावर अपघात झाला आणि एखाद्या दुर्मिळ गटाचे रक्त हवे असले, तर ज्याचे रक्त जुळले असते तो विद्यार्थी नेमका महिन्यापूर्वीच देऊन बसलेला असतो.

आणि खरी टंचाई येते ती उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत परीक्षा आणि सुट्ट्या, वसतिगृहे रिकामी, शिबिरे बंद. रुग्णांना मात्र सुट्टी नसते. बाळंतिणीचा रक्तस्राव महिना पाहून होत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त भरावेच लागते, मग बाहेर आंबे पिकलेले असोत की पाऊस पडत असो. मे महिन्यातल्या एका दुपारी बाळंतीण सुनेसाठी चिठ्ठी घेऊन फिरणारा एक सासरा माझ्या दवाखान्यात आला होता. दोन ठिकाणी नकार मिळाला होता. ‘‘डॉक्टरसाहेब, कॉलेजची पोरं असती तर एका हाकेला आली असती हो,’’ असे तो म्हणाला. रक्त शेवटी तिसऱ्या ठिकाणी मिळाले आणि बाई वाचली. पण त्याचे वाक्य आपल्या व्यवस्थेवर बोट ठेवणारे होते. पोरे होतीच. ती आपापल्या गावी होती, एवढेच. कोणत्या गावी कोणत्या गटाचा दाता आहे याची वही कोणाजवळ नव्हती.

यावर एका प्राध्यापक मित्राचे म्हणणे असे की, ‘‘उत्सव केल्याशिवाय मुले येत नाहीत. मांडव, बँड, मित्रांची गर्दी असली की भीती जाते.’’ यात तथ्य आहे. पहिल्या वेळी सुईची भीती सगळ्यांनाच वाटते आणि मित्र शेजारच्या खाटेवर असला की धीर येतो. म्हणून उत्सव बंद करा असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो दिवस प्रामुख्याने नावे नोंदवण्याचा आणि रक्तगट तपासण्याचा असावा. रक्त मात्र वर्षभर वाटून घ्यावे.

समजा एका महाविद्यालयात २४० मुले-मुली रक्त द्यायला तयार आहेत. एका दिवसात २४० पिशव्या घेण्याऐवजी दरमहा २० जणांची पाळी लावली तर बाराही महिने रक्त मिळत राहील. एक शाखा जुलैत, दुसरी ऑगस्टमध्ये, असे वाटप करता येईल. आणीबाणीच्या वेळी बोलवायलाही बाकीचे दाते शिल्लक राहतील. एप्रिल-मेच्या पाळीत जे विद्यार्थी असतील त्यांनी आपल्या गावाजवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे आणि पावती जूनमध्ये महाविद्यालयात दाखवावी. याला मांडव लागत नाही, हारतुरे लागत नाहीत. एक वही आणि ती सांभाळणारा एक माणूस लागतो.

दुसरा मुद्दा स्पर्धेचा. ‘कोणत्या विभागाच्या पिशव्या जास्त’ अशी चढाओढ लावणे, भेटवस्तू ठेवणे, हजेरीशी संबंध जोडणे हे प्रकार पाहण्यात येतात. हेतू चांगला असतो, परिणाम घातक होऊ शकतो. घेतलेल्या प्रत्येक रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, हे खरे. पण जंतूंचा शिरकाव नुकताच झाला असेल तर काही काळ कोणत्याही तपासणीत तो सापडत नाही. त्या काळात रुग्णाचे रक्षण करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दात्याने खरे सांगणे. एखाद्या मुलाला आपण रक्त देऊ नये असे मनातून वाटत असेल, तर कारण न सांगता, कोणी हसल्याशिवाय त्याला मागे फिरता आले पाहिजे. विभागाची ढाल हातची जाईल म्हणून मित्र त्याला ओढून नेत असतील, तर तो खरे कसे सांगणार? ‘ऐच्छिक’ हा शब्द नुसता शोभेचा नाही. रक्त घेणाऱ्या रुग्णाचा जीव त्या शब्दावर अवलंबून आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिबिरातून परत पाठवलेल्यांचा. रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आणि वजन किमान ४५ किलो लागते. दर शिबिरात मुलींची रांग लागते आणि त्यांपैकी कित्येक जणी ‘‘रक्त कमी आहे, तुमचे चालणार नाही’’ एवढे ऐकून परत जातात. मैत्रिणी चेष्टा करतात आणि विषय संपतो. वास्तविक शिबिराने त्या दिवशी केलेले सर्वांत मोलाचे निदान तेच असते! २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. यातील अनेक मुली चारपाच वर्षांत माता होतील आणि तेव्हा त्यांनाच रक्त चढवण्याची वेळ येईल. आज ज्या मुलीला दाता म्हणून नाकारले, तीच उद्या रक्त मागणारी होऊ नये, अशी व्यवस्था आपण आजच का करू नये?

व्यवस्था सोपी आहे. परत पाठवलेल्या प्रत्येकीच्या हातात हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यावी. १२ ग्रॅमच्या खाली आकडा असेल तर तो रक्तक्षय समजावा आणि आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मुलांमध्ये ही मर्यादा १३ ग्रॅमची आहे. जंताचे औषध, लोहाच्या गोळ्या आणि पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होतो का याची चौकशी, एवढ्याने बहुतेक मुली सुधारतात. गोळ्यांनी शौचास काळसर होते, त्याला घाबरू नये. आकडा सुधारला म्हणून गोळ्या लगेच थांबवू नयेत. शरीरातील लोहाचा साठा भरण्यासाठी त्या पुढे आणखी तीन महिने घ्याव्या लागतात. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण तो लोह शोषू देत नाही. त्याऐवजी लिंबू किंवा आवळा घ्यावा. जेवणात पालेभाजी, मटकी, हरभरा, आणि चालत असेल तर मांसाहार असावा. सहा महिन्यांनी तीच मुलगी अभिमानाने रांगेत उभी राहील.

आता जे रक्त देणार आहेत त्यांच्यासाठी चार सूचना. उपाशीपोटी रक्त देऊ नये. चार तासांच्या आत व्यवस्थित जेवण झालेले असावे. काही वर्षी १ ऑक्टोबरचा हा दिवस नवरात्रात येतो. ज्यांचे कडक उपवास आहेत त्यांनी रक्तदान नवरात्रानंतर करावे, देवी रागावणार नाही. मलेरिया झाला असल्यास बरे झाल्यापासून तीन महिने आणि टायफॉईड झाला असल्यास वर्षभर थांबावे. नुकतेच गोंदवून घेतले असल्यास तेही सांगावे, कारण त्यानंतरही वर्षभर रक्त देता येत नाही. आदल्या रात्री महोत्सवाच्या तालमीत जागरण झाले असेल तर शिबिराला दुसऱ्या दिवशी जावे. रक्त दिल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात सामना खेळू नये, तासभर तरी मोटारसायकलवर बसू नये, भरपूर पाणी प्यावे. संयोजकांनीही सामने आणि शिबिर एकाच दिवशी ठेवू नयेत.

पालकांच्या मनातील भीतीही दूर केली पाहिजे. ५० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे साडेतीन लिटर रक्त असते. त्यातून ३५० मिलिलिटर, म्हणजे दहावा हिस्सा घेतात. त्यातील पाण्याचा भाग दिवसा-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशी भरायला काही आठवडे लागतात. त्यासाठीच ९० आणि १२० दिवसांचा नियम आहे. निरोगी मुलाला याने अशक्तपणा येत नाही. मात्र प्रत्येक वेळी दीडशे मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीराबाहेर जाते. वारंवार देणाऱ्यांनी, विशेषतः मुलींनी, आहाराकडे लक्ष द्यावे.

येत्या हंगामात आपल्या गावच्या महाविद्यालयात शिबिराची पत्रिका छापली जाईल. पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि पाहुणे म्हणून बोलावलेल्या प्रतिष्ठितांनी संयोजकांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. मे महिन्यासाठी किती नावे राखून ठेवली आहेत? परत पाठवलेल्या मुलींची यादी कोणाकडे आहे? आणि नको म्हणणाऱ्याला निमूटपणे मागे फिरण्याची सोय आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर ते शिबिर खऱ्या अर्थाने यशस्वी समजावे, मग पिशव्या शंभर असोत की वीस.