आपल्या वाट्याची कर्जखतं

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा मराठी माणूसच म्हणतो. म्हणण्याची ठिकाणंही ठरलेली: लग्नाची पंगत, सोसायटीची मीटिंग आणि अलीकडे उद्योजकता मेळावे. मेळाव्यातला वक्ता सांगतो, नोकरी म्हणजे गुलामी, उद्याच राजीनामा द्या. घरी आल्यावर वडील सांगतात, एक तारखेला खात्यात पगार पडतो ना, मग कशाला नसते उद्योग? दोघंही एक गोष्ट धरूनच चालतात, की प्रश्न हिमतीचा आहे. आम्हाला तो हिशेबाचा वाटतो, आणि हिशेबातही एकाच रकान्याचा: बुडाले तर कोणाचे बुडणार?

वडिलांची बाजू आधी. ठरावीक पगाराची ओढ हा भित्रेपणा नव्हे. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि ती परत मिळावी म्हणून मार्च 2023 मध्ये कर्मचारी संपावर उतरले. 1982 च्या गिरणी संपानंतर ज्या घराची घडी विसकटली, किंवा ज्या घरात पावसाच्या भरवशावर दोन पिढ्या कोरडवाहू शेती झाली, तिथे ठरल्या तारखेला येणाऱ्या पैशाची किंमत कोणी शिकवायला नको. पण वडील ज्या नोकरीचा दाखला देतात ती मुलाच्या वाट्याला येईलच असं आता राहिलेलं नाही. अकरा महिन्यांचं कंत्राट, एजन्सीमार्फत नेमणूक, नाहीतर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तिशी ओलांडेपर्यंत एमपीएससीची तयारी. परीक्षेत घालवलेली वर्षं कोणत्याच ताळेबंदात दिसत नाहीत, म्हणून ती जोखीम वाटत नाही, एवढंच.

आता वक्त्याची बाजू. अशा व्यासपीठांवरून लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट हमखास सांगितली जाते: मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, बढती डावलली गेली, बाणेदारपणे नोकरी सोडली आणि पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोष्ट खरी आहे, पण सांगणारे आधीचा भाग गाळतात. नोकरीत असतानाच लक्ष्मणराव मुंबईहून सायकली बेळगावला धाडत आणि थोरले भाऊ रामुअण्णा त्या तिथे विकत. राजीनामा दिला तेव्हा मागे चालतं दुकान होतं. पुढचा भागही गाळला जातो. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला काही वर्षं लागली. तेवढा काळ भावाची साथ आणि इतर कामांची मिळकत नसती, तर बाणेदारपणा किती दिवस पुरला असता? बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं, मदत केली. याने लक्ष्मणरावांचं मोठेपण कणभरही कमी होत नाही. फक्त नक्कल करायची तर पूर्ण गोष्टीची करावी.

नोकरीत राहून जोडधंदा करावा, हा सल्ला त्यातूनच निघतो. तो सगळ्यांना लागू नाही, हेही खरं. सरकारी नोकराला परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. (म्हणून कितीतरी दुकानांच्या पाटीवर बायकोचं नाव असतं आणि संध्याकाळी गल्ल्यावर नवरा.)

धनाविषयीच्या मराठी तिटकाऱ्याचा उगम शोधताना संतांकडे बोट दाखवायची एक सवय आहे. तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, घ्या पुरावा. पण परंपरेने सांगितलेली ही हकीकत नीट ऐकावी. घर देहूच्या महाजनांचं. 1630 च्या दुष्काळात व्यापार बसला, घरात माणसं दगावली. त्यानंतर विरक्त झालेल्या तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. धाकटे भाऊ कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हवाली केला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा. एवढ्या टोकाच्या निर्णयातही दुसऱ्याच्या संसाराला हात लावला नाही. आजचा उत्साही उद्योजक नेमका इथे चुकतो. स्वप्न त्याचं असतं. गहाण पडतं ते आईचं मंगळसूत्र आणि वडिलांचा फ्लॅट. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत लहान धंद्याला विनातारण कर्ज मिळतं. पण विनातारण म्हणजे बिनपरतीचं, असा सोयीस्कर अर्थ लावणारेही भेटतात.

ओळखीच्या एका पोळीभाजी केंद्राची वही बघायला मिळाली. वही चोख होती. कणीक, तेल, भाजी, सिलिंडर, पार्सलच्या पिशव्या, रोजची विक्री, खाली शिल्लक. नफा दिसत होता, केंद्र चालवणाऱ्या बाई खूश होत्या. वहीत दोन ओळी नव्हत्या. पहाटे पाचपासून पोळ्या लाटणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या हातांची मजुरी आणि घरच्याच पुढच्या खोलीचं भाडं. मागणी वाढली तशी त्यांनी लाटायला एक बाई ठेवली आणि पहिल्याच महिन्यात नफा नाहीसा झाला. चोरी झाली नव्हती, नासधूस झाली नव्हती. जो नफा वाटत होता तो त्यांचाच पगार होता, नाव तेवढं चुकीचं पडलं होतं. मग पोळीचा दर वाढवायचा विषय निघाला आणि त्या अवघडल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू काय म्हणतील? पैशाबद्दलचा आपला संकोच असा दोन रुपयांपाशी येऊन अडतो. हे धंदा न जमण्याचं लक्षण नव्हे. आयुष्यभर घरात फुकट केलेल्या कामाचे पैसे मागायची सवय नसते, इतकंच. दर वाढवावा, असं आम्हाला वाटतं. काकू चार दिवस कुरकुरतील.

संकोचाने सगळ्याचा उलगडा होतो असंही नाही. भोसरीच्या वर्कशॉपवाल्याला मोठ्या कंपनीकडे बिल मागायची लाज वाटत नाही, भीती वाटते. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते व्हायला हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याला. अशा माणसाला मानसिकता बदला म्हणून सांगणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. त्याच्याकडे दोन-तीन महिन्यांची उधारी सोसेल इतकं खेळतं भांडवल नसेल, तर सकारात्मक विचारांनी कामगारांचा पगार निघत नाही.

कामाच्या तासांबद्दल थोडंसं. पुण्यातल्या चितळ्यांच्या दुकानाची दुपारची एक ते चार सुट्टी हा अनेक वर्षं विनोदाचा विषय होता. 2017 मध्ये त्यांनी ती बंद केली. तरी सोळा तास राबण्याची फुशारकी मारणाऱ्या नव्या उद्योजकांपेक्षा आम्हाला ती जुनी सुट्टी जवळची वाटते. ठरल्या वेळी शटर ओढूनही तो धंदा वाढलाच होता.

राहतो घरातल्यांचा प्रश्न. वडिलांनी निवृत्तीचे पैसे मुलाच्या धंद्यात घालावेत का? आमचं उत्तर नाही असं आहे, आणि त्यात मुलाची हिंमत खच्ची करण्याचा हेतू नाही. घालायचेच असले तर गेले तरी औषधपाणी थांबणार नाही एवढेच, आणि तो आकडा आधी कागदावर लिहून. मात्र पैसे न देणाऱ्या घराने दुसरं काही द्यायला हवं: दोन वर्षं जेवण, छप्पर आणि रोज रात्री ‘मग नोकरीचं काय ठरलं’ हे न विचारण्याचा संयम. शिवाय, मुलीसाठी स्थळं बघताना ‘नोकरीवालाच हवा’ अशी अट घालणारे आणि मराठी मुलं धंद्यात का नाहीत म्हणून हळहळणारे, हे बहुतेक वेळा एकाच घरातले असतात.